बिनदाराचा खडक

खडकाला दार असावं की नसावं, यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी माझ्या सासूवरूनही झाली नाहीत, आणि सासू काही साधी नव्हती.

माझा नवरा जागेश्वर लोकांच्या बागेत खडक बनवतो. खरं तर आम्ही दोघं बनवतो. लोक नाव त्याचं घेतात, आणि मला त्याचं काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगते, पण वाटतं. सळ्यांचा सांगाडा उभा करायचा, त्यावर जाळी तारेनं बांधायची, जाळीवर सिमेंटचा माल थापायचा आणि तो ओला आहे तोवर त्यावर रबराचे साचे दाबायचे. हे साचे आम्ही नदीकाठच्या खऱ्या खडकांवरून घेतलेले असतात, त्यामुळे तिथली एकूण एक सुरकुती आमच्या सिमेंटवर उतरते. मग चमच्यानं कोरायचं, ब्रशनं रंग द्यायचा, शेवाळ धरावं म्हणून खाचांमध्ये ताक शिंपडायचं. वरून पाणी सोडलं की बघणाऱ्याला वाटतं, खडक इथे आधीपासूनच होता आणि बंगला मागून आला. आतून मात्र सगळं पोकळ. भिंत बोटभर जाड, आणि त्या पोकळीत पंप, पाइप आणि पाणी कमीजास्त करायचा व्हॉल्व्ह.

जाळी बांधायचं काम माझं. उमरेडला माझ्या वडिलांच्या घरी हातमाग होता. तो बंद पडला तशी मी कामठीला मावशीकडे राहून पॉवरलूमवर सुताच्या कांड्या भरायला जाऊ लागले. जागेश्वर तिथेच मागावर होता. मागांच्या खडखडाटात माणसाला स्वतःचाही आवाज ऐकू येत नाही, म्हणून आमच्या कारखान्यात सगळे हातानं बोलायचे. मूठ आवळली म्हणजे मशीन बंद कर. पंजा ताठ उघडला म्हणजे थांब, आहे तिथेच राहा. अंगठा बोटावर चोळला म्हणजे धागा तुटला, इकडे ये. जागेश्वर येता-जाता अंगठा चोळायचा. मी धावत जायचे तर एकही धागा तुटलेला नसायचा. असं आमचं लग्न जमलं.

तर दार. पंप आज ना उद्या बिघडतोच, व्हॉल्व्ह अडकतो, पाइप सुटतो. आत माणसाला पोचता आलं पाहिजे. म्हणून मी म्हणायचे, एक झाकण ठेवा, साधं, लोखंडी, बिजागरीचं. झाकण म्हटलं की जागेश्वरच्या मस्तकात तिडीक जायची. झाकण दिसलं की खडक मेला, असं त्याचं म्हणणं. तो समोरच्या बाजूला एक भेग ठेवायचा, खऱ्या खडकाला असते तशी तिरपी, वेडीवाकडी, आणि तिच्यातून खांद्यापर्यंत हात घालून व्हॉल्व्ह फिरवायचा. भेग इतकी अरुंद की हात घालताना कोपर एका बाजूला पिळावं लागे आणि काढताना दुसऱ्या बाजूला. मी म्हणायचे, एक दिवस हात आतच राहील. तो म्हणायचा, "खडकाले दार पाह्यलं का वं कुठी?"

ताराचंदजींच्या बंगल्यावरही हेच झालं. त्यांचं जरीपटक्याच्या बाजारात कपड्याचं दुकान आहे आणि उमरेड रोडला त्यांनी नवीन बंगला बांधला. हे घडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी वास्तुशांत होती, पाहुणे यायच्या आत धबधबा सुरू व्हायला हवा होता. या खेपेला मी शहाणपणा करून आधीच वेल्डरकडून झाकण बनवून आणलं होतं, चौकटीसकट. खडकाच्या मागच्या बाजूला, कंपाउंडच्या भिंतीकडे, कोणाच्या नजरेला पडणार नाही अशा ठिकाणी त्याच्यापुरती जागा मोकळी ठेवून मी जाळी बांधली होती. जागेश्वर काही बोलला नाही. तो काही बोलला नाही तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

सकाळी मी रंग आणायला इतवारीच्या बाजारात गेले. परत येऊन बघते तर मागचं भोक गायब. जाळी लावून, माल थापून, साचा दाबून, वर ओली गोणपाटं टाकून साहेब चहा पीत बसलेले. काम इतकं सफाईदार की भोक कुठे होतं ते मलाही चटकन सापडेना. माझं झाकण चाफ्याच्या झाडाला टेकवून ठेवलेलं होतं. मी एक शब्द बोलले नाही. बादली उचलली आणि तळ्याच्या काठावर पाठ करून रंग कालवत बसले. रागावली का वं, त्यानं विचारलं. मी गप्प. चहा घे ना, म्हणाला. मी गप्प. माझा अबोला हा त्याला माझ्या तोंडापेक्षा जास्त लागतो, हे मला चांगलं माहीत आहे.

दुपार झाली. मे महिन्यातली दुपार, रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. जागेश्वरनं पंप सुरू केला. पाणी आलं, पण नळ फुटल्यासारखं. खडकावरून ओघळायचं सोडून ते उडी मारून तळ्याबाहेर पडत होतं. व्हॉल्व्ह कमी करायला हवा होता. खडक त्याच्या छातीएवढा उंच होता. त्यानं बाही वर सारली, खडकाला अंग लावलं, गाल टेकवला, तोल सांभाळायला डावा हात माथ्यावरून पलीकडे टाकला आणि उजवा हात भेगेत घातला.

काम करताना हा माणूस सतत बोलतो. खडकाशी बोलतो, पंपाशी बोलतो, खिळ्याशी बोलतो. त्या दिवशीही आत चाचपडता चाचपडता त्याची बडबड चालू होती, कुठी लपला बे तू, ये असा, फिर आता. मी ऐकत होते आणि न ऐकल्यासारखं करत होते. बडबड मध्येच तुटली.

मी वळून पाहिलं नाही. म्हटलं नाटक आहे, मी बोलावं म्हणून. मग अगदी हळू, ओठ न हलवता काढल्यासारखा आवाज आला.

"जयवंते. माह्या हातावर काहीतरी आहे."

माझ्या हातातला ब्रश बादलीत पडला. मी उठून जवळ गेले. त्याचे डोळे उघडे होते आणि कुठेच बघत नव्हते. थंड आहे, तो म्हणाला. मनगटावरून चढलं आणि थांबलं. थोड्या वेळानं पुन्हा ओठ हलले. "जड आहे वं."

हात काढा, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. कोपर पिळल्याशिवाय हात बाहेर येत नव्हता. कोपर पिळलं की मनगट फिरणार, आणि मनगट फिरलं की वरचा जीव दचकणार. आतला अंधार आणि तो हात माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. हे मी आधी सांगितलं होतं, हेही त्याच वेळी मनात आलं. माणसाचं मन असंच असतं, वेळकाळ बघत नाही.

बंगल्याचा चौकीदार गोविंदा गेटवर बसला होता. आमची अवस्था बघून त्याला काय समजायचं ते समजलं आणि तो काठी घेऊन दणादण पाय आपटत धावत आला. मी पंजा ताठ उघडला. त्याला बिचाऱ्याला आमची भाषा कुठून येणार? मी पुढे होऊन काठीच धरली. "काठी ठेव अन् बस खाली," मी दबक्या आवाजात म्हटलं. "एकही पाऊल आपटू नको गा." तो होता तिथेच मटकन बसला. पण कामाचाही तोच ठरला. तिकडे सगळे मोकळे प्लॉट, त्यामुळे साप निघणं रोजचंच. त्याच्या फोनमध्ये सर्पमित्र रुचिकाचा नंबर होता. त्यानं बसल्याबसल्या लावून माझ्या हातात दिला.

एवढ्यात ताराचंदजी अनवाणीच व्हरांड्यात आले. आधी त्यांनी हात जोडले, देवता आहे, छेडू नका म्हणाले. मग त्यांची नजर जागेश्वरच्या गालाकडे गेली. त्या उन्हात तो काळा खडक तव्यासारखा तापला होता आणि माझ्या नवऱ्याचा गाल त्यावर चिकटलेला होता. ताराचंदजी आत गेले, छत्री घेऊन आले, आवाज न करता त्याच्या शेजारी उभे राहिले आणि छत्री त्याच्या डोक्यावर धरली. जाड माणूस, चार पायऱ्या चढला की दम लागतो. खडकाच्या रंगावरून त्यांनी मला नुसतं पिडलं होतं आणि मी त्यांच्या पाठीमागे त्यांना बरंच काही बोलले होते. ते सगळं मी तिथेच मनातल्या मनात मागे घेतलं.

रुचिका कामठीकडे दुसऱ्या घरी साप धरायला गेली होती. निघते, म्हणाली, पण गाडी उडवत आली तरी वेळ लागेल. तोवर तिनं विचारायला सुरुवात केली. नाग आहे की धामण? माहीत नाही. दिसतो का? नाही. त्याला आत जायला रस्ता कुठला, आणि बाहेर पडायला दुसरा कुठला?

मी सांगायला लागले आणि सांगता सांगता माझंच माझ्या लक्षात आलं. भेग होती. आणि मागचं भोक होतं. रात्रभर दोन्ही उघडी होती. उकाड्यानं हैराण झालेला तो जीव गार जागा शोधत आत आला, पाण्याशेजारी पडून राहिला आणि सकाळी माझ्या नवऱ्यानं त्याचा एक रस्ता लिंपून टाकला. आता उरलेल्या रस्त्यात स्वतःचाच हात खुपसून उभा होता.

"दुसरा रस्ता होता," मी म्हटलं. "आज सकाळीच बंद केला."

रुचिका म्हणाली, "ताई, तो उघडता येते का पाहा. पण ठोकायचं नाही. हादरा त्याले लगेच समजते. त्याले जायले रस्ता भेटला तं तो थांबत नाही, पण दचकला तं चावते."

मी मागे जाऊन गोणपाट उचललं आणि नख लावून पाहिलं. ओरखडा उठला. सकाळचा माल होता आणि गोणपाटं ओली होती, म्हणून अजून खडक झाला नव्हता. उघडता येईल, मी सांगितलं. मग तिनं पुढचं सांगितलं. भोक पाडल्यावर त्याला जाड पाइप लावा, दुसऱ्या तोंडाला कापडी पिशवी बांधा, सगळं ओलं आणि अंधारं ठेवा. बाकी जे जसं चालू आहे ते तसंच राहू द्या, काही बदलू नका. पाइपचा तुकडा आमच्या सामानात होताच. पिशवीचं मी ताराचंदजींकडे पाहून नुसतं पुटपुटले, त्यांनी मानेनं दारात उभ्या बायकोला खूण केली आणि तिनं आतून पाहुण्यांसाठी काढलेली नवीकोरी, फुलाफुलांची उशीची खोळ आणून दिली.

मागे जायच्या आधी मी जागेश्वरच्या कानाशी वाकले. "मी मांगं जाते. तुमी बोलू नका. हातानं सांगा."

मागच्या बाजूनं मला त्याचं तोंड दिसत नव्हतं, धड दिसत नव्हतं. दिसत होता तो फक्त माथ्यावरून अलीकडे लोंबणारा डावा पंजा. मी त्याच्याकडे बघून थापीची धार मालावर ठेवली आणि खरवडायला लागले. ढेकूळ आत पडता कामा नये म्हणून एका हातानं खरवडायचं आणि दुसऱ्या हातात झेलायचं. सकाळी त्यानं किती जीव ओतून ती सुरकुती न सुरकुती उमटवली होती ते मला खरवडताना दिसत होतं. राग येत होता आणि रागाच्या पोटात दुसरंच काहीतरी होतं, रडू होतं. हा गेला तर मी कोणाशी भांडू, एवढाच विचार परत परत येत होता.

खाली जाळी लागली. ही जाळी मी बांधलेली नव्हती. माझ्या गाठी मी डोळे मिटून बोटांनी सोडवल्या असत्या, पण या त्याच्या गाठी, पिळून पिळून आवळलेल्या, सुटायचं नाव घेईनात. तारा कापाव्याच लागणार होत्या. मी कटर लावला. टक.

माथ्यावरचा पंजा ताठ उघडला. थांब.

मी थांबले. पंपाची घरघर तेवढी चालू होती आणि पलीकडे पाणी तळ्याबाहेर पडत होतं. बऱ्याच वेळानं पंजा सैल झाला. मी दुसरी तार कापली. पुन्हा पंजा ताठ. पुन्हा थांबले. प्रत्येक तारेला त्या पंजाकडे बघायचं, तो सैल पडेपर्यंत श्वास धरायचा आणि मग पुढची तार. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

निम्मी जाळी कापून झाली होती. पंजा हळूहळू मिटला. त्याची मूठ झाली.

मशीन बंद कर.

फोन जमिनीवर होता, रुचिकाचे शब्द माझ्या कानात होते, काही बदलू नका. पंप बंद केला तर आतला सगळा आवाज, सगळी थरथर एकदम थांबणार. तो जीव कसा वागेल? मूठ तशीच होती, आवळलेली, बोटांची पेरं पांढरी पडलेली. रुचिकाला साप कळतो, मी मनाशी म्हटलं, पण साप तिच्या हातावर नाही. कारखान्यात जागेश्वरनं खोट्या खुणा पुष्कळ केल्या, पण मशीन बंद करायची खूण त्यानं कधी उगाच केली नव्हती. मी गोविंदाकडे पाहिलं, भिंतीवरच्या बटणाकडे बोट दाखवलं आणि मूठ आवळून दाखवली. या वेळी त्याला समजलं. तो बसल्याबसल्या सरकत गेला आणि बटण खाली केलं.

पाणी थांबलं. इतकं शांत झालं की दूर रस्त्यावरून जाणारा ट्रक ऐकू आला. मूठ उघडली, पंजा ताठ झाला आणि ताठच राहिला. मी गुडघ्यांवर बसून राहिले. मग बोटं किंचित सैल झाली आणि मी उरलेल्या तारा एकेक करून कापून जाळी बाहेर वळवली.

उजेड आत गेला आणि मी पाहिलं. पाइपच्या मागे माझ्या नवऱ्याचं मनगट, व्हॉल्व्हवर धरलेली बोटं तशीच, आणि मनगटावर सैल वेटोळं. डोकं आडवं होतं. उजेड पडताच ते वर उठलं, मान रुंद होत गेली आणि फणा माझ्याकडे वळला. नाग होता. चांगला मोठा.

मी मागे सरकले नाही, उलट भोकासमोर वाकून माझ्या अंगानं उजेड अडवला. मग अगदी हळू पाइप पुढे आणला, भोकाला लावला आणि भोवतीच्या फटीत ओली गोणपाटं भरली. आत पुन्हा अंधार झाला. खोळ दुसऱ्या तोंडाला बांधलेलीच होती. पाइपवर मी ओंजळीनं पाणी सोडलं, बाहेरून, थेंब थेंब, म्हणजे गारवा तिकडे आहे हे त्याला कळावं. आता मला आतलं काहीच दिसत नव्हतं. करण्यासारखंही काही उरलं नव्हतं.

वाट बघणं मला कधीच जमलेलं नाही. भाजी शिजेपर्यंत मी चार वेळा झाकण उघडते. त्या दिवशी मी पाइप धरून बसले आणि पंजाकडे बघत राहिले. पंप बंद झाल्यामुळे खडक आतूनही तापू लागला असणार. गारवा गेला की नाग हलेल, यासाठीच त्यानं मूठ आवळली असणार, पण माणसाचं काय? पंजा हळूहळू खाली येऊ लागला. बोटं वाकली. अंगठा लोंबकळला. ती खूण नव्हती. त्याला भोवळ येत होती. तो कोसळला असता तर हात भेगेत हिसडला गेला असता आणि नागानं पुढचं काम केलं असतं.

ताराचंदजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना त्याला धरता येत नव्हतं, धक्का लागला असता. मलाही हात लावता येत नव्हता. मग मी बोलायला लागले. सकाळपासून दाबून ठेवलेलं सगळं, पण हळू, एका सुरात, तो पंपाशी बोलतो तसं.

"रागावली होती मी. ऐकून राहिले का? लय रागावली होती. चहा घेते मी. तुमी सकाळी म्हटलं ना, चहा घे, तं घेते. साखर कमी टाका पण. तुमी नेहमी जास्त टाकता. झोपू नका. मले उत्तर द्या, हातानं द्या."

एक बोट हललं. मग दुसरं. मी थांबले नाही. मावशीबद्दल बोलले, कारखान्याबद्दल बोलले, न तुटलेल्या धाग्यांबद्दल बोलले. पंजा पुन्हा माथ्याला धरून राहिला.

बोलता बोलता माझ्या तळहाताखाली पाइप जड झाला. आतून काहीतरी घासत गेलं, ओल्या कापडावर दोर ओढावा तसं. मी बोलणं थांबवलं नाही, फक्त आवाज आणखी खाली नेला. खोळ जमिनीवर पसरली होती ती टोकाकडून फुगू लागली. फुलांच्या कापडाखाली वेटोळं बसत गेलं, एक, त्यावर दुसरं.

माथ्यावर अंगठा बोटावर चोळला गेला. इकडे ये.

धागा तुटला नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मी गेले नाही. आधी पाइपच्या तोंडाच्या पुढे खोळ पिळली, पाइप सोडवला, पुन्हा पिळली, दोरीनं बांधली आणि बांधलेल्या गाठीवर आणखी गाठ मारली. माझ्या गाठी सुटत नाहीत. मग उठले आणि पुढे धावले.

त्यानं कोपर पिळून हात काढला तेव्हा तो हात त्याचा नव्हताच जणू, लाकडासारखा लोंबत होता. मी मनगट उलटसुलट करून पाहिलं, बोटन् बोट पाहिलं. कुठेही दात लागला नव्हता. गालावर भाजल्याचा लाल पट्टा होता. ताराचंदजींनी छत्री खाली केली आणि तळ्याच्या काठावर बसून घेतलं. गोविंदानं पाणी आणून दिलं. जागेश्वर प्याला, धापा टाकत राहिला आणि पहिलं वाक्य काय बोलावं या माणसानं?

"जयवंते, त्याले खरा वाटला ना खडक."

बादली डोक्यात घालावी असं वाटलं मला. "वाटला," मी म्हटलं. "म्हणूनच तं मरत होते तुमी." आणि मग मी रडले, चारचौघांत, तोंड न झाकता. तो डाव्या हातानं उजवा हात चोळत बसला.

रुचिका आली, तिनं खोळ उचलून वजन पाहिलं, नाग आहे म्हणाली, सांभाळून डब्यात ठेवला. माझ्या गाठी सोडवायला तिला कात्री लागेल, असं हसून सांगून ती गेली. तिची गाडी गेटबाहेर पडल्यावर ताराचंदजी खडकाच्या मागे जाऊन ते भगदाड बघून आले. त्यांचा स्वर अगदी ओशाळा होता. उद्या पाहुणे येणार, म्हणाले, घाई नाही, पण हे भरून होईल का? पहले जैसा?

मी जागेश्वरकडे पाहिलं. होईल की, हे त्याचं ठरलेलं उत्तर. त्याची नजर सवयीनं थापीकडे गेलीही. मग त्यानं उजवा हात उचलून पाहिला. बोटं अजून व्हॉल्व्ह धरल्यासारखीच वाकलेली होती, सरळ होत नव्हती.

तो उठला, झोकांडी खात चाफ्याजवळ गेला आणि डाव्या हातानं माझं झाकण उचलून घेऊन आला. मला वाटलं, मागे नेतोय. पण तो समोरच थांबला, भेगेपाशी, जिथे त्यानं सगळ्यात चांगला साचा दाबला होता आणि जिथे उद्या प्रत्येक पाहुण्याची नजर जाणार होती. झाकण त्यानं भेगेवर टेकवलं आणि खांद्यानं दाबून धरलं.

"मांगं बसवा ना," मी म्हटलं. "मांगं भोक आहेच."

"मांगचं भरून टाकू," तो म्हणाला. "उद्या कोणाले आत हात घालाचा असन तं त्याले आधी आत काय आहे ते दिसलं पाह्यजे. दार समोरच पाह्यजे."

जागेश्वरनं बोट तळ्यात बुडवलं आणि झाकणाच्या कडेनं खडकावर रेघ ओढायला सुरुवात केली. उन्हात ती रेघ ओढता ओढताच वाळत होती. तो पुन्हा बोट बुडवायचा, पुन्हा ओढायचा. मी सामानातून मोठा खिळा काढला, त्याच्या शेजारी बसले आणि त्याचं बोट पुढे सरकेल तसतशी ती ओली रेघ वाळायच्या आत कोरत गेले.